टाइम ऑफिसातली घरघर

सिल्वासातल्या आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात एक संगणक आहे आणि त्याचा पंखा फार आवाज करतो, अशी तक्रार प्रशासनाकडे आली. प्रशासन म्हणजे मी. तक्रारीची मी तातडीने दखल घेतली आणि ती आपल्या अखत्यारीत येत नाही ना, हे तपासण्यासाठी बैठक बोलावली. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर जो काही गोंधळ झाला त्यावरून काही मंडळी म्हणू लागली की प्रशासन झोपलं होतं. प्रशासन झोपत नाही. जेवणानंतर थोडा वेळ डोळे मिटून विचार करतं, एवढंच.

कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही भाच्याचा अर्ज पाठवाल. आम्ही पॉलिस्टरचं सूत काढतो आणि त्याला पीळ देतो. पीळ देण्याचं काम टेक्सचर खात्यात चालतं आणि तिथे असा आवाज असतो की माणसं एकमेकांशी बोटांनी आणि भुवयांनी बोलतात. या खात्यात सगळे एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकतात. आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे. आवाज थांबला म्हणजे लाइट गेली, धागे तुटले आणि पाळी वाया गेली. आमचा कामगार आवाजात निवांत जेवतो आणि शांतता झाली की दचकून उठतो. मी इथे नाशिकहून आलो तेव्हा मलाही हे विचित्र वाटलं होतं. आता नाशिकला गेलो की मला झोप लागत नाही.

टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी आणि पगार जिथे होतो ती खोली. ती मीनाक्षीबेन सांभाळतात. मूळच्या अमळनेरच्या, पण इथे येऊन कुणीही बाई 'बेन' होते, तशा त्याही झाल्या. त्यांच्या टेबलाखाली जो संगणक आहे, त्याच्या मागच्या बाजूला विजेचा एक चौकोनी डबा असतो. भिंतीतली वीज आत घेऊन ती संगणकाला पचेल अशी करून द्यायची, हे त्याचं काम. त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. तो तापतो म्हणून त्याच्या पोटात एक पंखा असतो. आमच्याकडे हवेतच धाग्याचा भुगा असल्याने तो भुगा पंख्यात गेला, तेल सुकलं, आणि पंखा अशी घरघर करू लागला की खोलीत पिठाची गिरणी सुरू आहे असं वाटावं.

तक्रार नवी नव्हती. मीनाक्षीबेननी ती तोंडी केली होती, लेखी केली होती, आणि शेवटी त्या आवाजाचं रेकॉर्डिंग करून माझ्या मोबाइलवर पाठवलं होतं. ते मी उघडलं नाही. प्रशासनात ऐकीव पुरावा चालत नाही.

एके सकाळी त्या थेट माझ्या केबिनमध्ये आल्या.

"साहेब, माझं घर जायची वेळ आली!"

समोर चहाचा कप होता, त्यातला चहा बशीत आला.

"मीनाक्षीबेन, आधी ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये साहेब! मी बोलतेय!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पंख्याच्या वरताण बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती की त्यांच्या घशात खालची पट्टीच उरली नव्हती. किलवणी नाक्याजवळ पुतळाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर त्या भाड्याने राहतात. त्यांचे यजमान नारायणराव दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. ते इतकं हळू बोलतात की ते बोलले की नाही याची खात्री करून घ्यावी लागते. त्यामुळे शेजाऱ्यांना या संसारातली एकच बाजू ऐकू यायची.

"मी म्हणते, अहो, चहा टाकू का? तर समोरच्या बायका खिडक्या लावून घेतात! परवा तर गल्लीतल्या बायका ह्यांच्यासाठी हळदीचं दूध घेऊन आल्या. विचारायला लागल्या, भाऊ, कुठे लागलंय का?"

"मग नारायणराव काय म्हणाले?"

"म्हणाले, 'नाही, मला सवय आहे.' झालं! तेव्हापासून पुतळामावशी माझ्याकडे बघत नाहीत. काल सरळ सांगून गेल्या, महिनाअखेरपर्यंत आवाज खाली आला पाहिजे, नाहीतर सामान खाली आणू."

"दुसरी खोली बघा."

मीनाक्षीबेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "साहेब, शर्वरीला दुपारी शाळेतून आल्यावर मावशीच सांभाळतात. ती खोली गेली तर पोरीला अमळनेरला सासूबाईंकडे ठेवावं लागेल. दुसरीत आहे हो ती. तेवढा पंखा बदलून द्या."

मी माणूस आहे. मला वाईट वाटलं. मी ताबडतोब त्यांचा अर्ज मेंटेनन्स खात्याकडे पाठवला आणि निश्चिंत झालो.

मेंटेनन्स खातं आशिषकडे आहे. पुण्याचा तरुण इंजिनिअर, सगळं पद्धतशीर करणारा. आवाजाची तक्रार असेल तर आधी आवाज मोजायचा, असा आमचा नियम आहे. आवाज मोजायचं यंत्र टेक्सचर खात्यात भिंतीला पक्कं बसवलेलं आहे, कारण ते त्याच खात्यासाठी प्रमाणित करून घेतलं आहे. काढून दुसरीकडे नेलं तर प्रमाणपत्र रद्द होतं. यंत्र हलवता येत नाही म्हटल्यावर संगणक हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हमालांनी संगणक उचलला, टेक्सचर खात्यात नेला, आणि चालू मशीनच्या ओळीत एका स्टुलावर ठेवला. संगणक बंद असताना आकडा घेतला. मग संगणक चालू करून आकडा घेतला. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले.

अहवाल स्पष्ट होता. सदर पंखा आवाज करत नाही.

"साहेब, तिथे विमान उतरवलं असतं तरी आकडा तोच आला असता!" मीनाक्षीबेन म्हणाल्या.

"विमानाबद्दल तक्रार आली की तेही तपासू," मी म्हणालो. नियमाला चेष्टा खपत नाही.

पण आशिष मनाने चांगला. तो संध्याकाळी केबिनमध्ये येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. "सर, खरं सांगू? चार स्क्रू आहेत. चहा निवायच्या आत पंखा बदलून होतो."

"तू स्वतःच सही केलीस ना की पंखा शांत आहे म्हणून?"

"केली."

"मग शांत पंखा बदलायचा कशासाठी?"

मग माझ्यातलं प्रशासन जागं झालं. शांत वस्तू दुरुस्त करता येत नाही, हे खरं. पण तिच्या जागी अधिक शांत वस्तू बसवायला कोण हरकत घेणार? मी प्रस्तावाचं नाव बदललं. 'टाइम ऑफिस ध्वनीविषयक आधुनिकीकरण.' आमचे जनरल मॅनेजर विजय साहेब तक्रार हा शब्द दिसला की फाइल पालथी घालतात. आधुनिकीकरण वाचल्यावर त्यांनी स्वतःहून पेन मागितलं आणि विचारलं, उद्घाटन कधी करायचं?

पंखा आला. मोठ्या पात्यांचा, संथ फिरणारा, दिसायला अगदी गरीब. आशिषने हेल्मेट घातलं, रबरी हातमोजे चढवले, दारावर 'आत काम चालू आहे, जीवितास धोका' अशी पाटी लटकवली आणि वायर काढून डबा बराच वेळ नुसता ठेवून दिला. वीज काढली तरी या डब्यात काही काळ करंट राहतो म्हणे. हे ऐकून मी लांब उभा राहिलो. मग त्याने जुना पंखा काढला. त्यातून एवढा भुगा निघाला की एखादा रुमाल विणून झाला असता. जुना पंखा भंगारात गेला आणि भंगारवाला त्याच दिवशी येऊन ते सगळं भंगार घेऊन गेला. आमच्याकडे वेळेवर फक्त तोच येतो.

उद्घाटनाला संगणकाला झेंडूचा हार घातला. नारळ फुटला. विजय साहेबांनी बटण दाबलं आणि सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे राहिले. काहीच झालं नाही. आम्ही वाट बघतोय, साहेब वाट बघतायत. साहेबांनी चिडून पुन्हा बटण दाबलं, तेव्हा आशिष हळूच म्हणाला, "सर, आता बंद झाला. मघाशी चालू होता."

हा मोठाच पेच होता. चालू असल्याची खूण काय? शेवटी आशिषने खिशातून सुताचा एक धागा काढला आणि पंख्याच्या जाळीसमोर धरला. धागा हलला. तेव्हा कुठे टाळ्या पडल्या आणि पेढे वाटले गेले.

"थँक यू साहेब!" मीनाक्षीबेन म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. खोलीत स्वतःचा आवाज त्यांनी किती तरी काळाने ऐकला होता. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढून, अगदी साध्या माणसासारख्या, हळू आवाजात पुन्हा म्हणाल्या, "थँक यू, साहेब." मला खरंच बरं वाटलं. असे क्षण प्रशासनाच्या वाट्याला कमी येतात, आणि आले तरी त्यांची नोंद करायला रकाना नसतो.

घरीही फरक पडला. मीनाक्षीबेन आनंदाने सांगत होत्या की पुतळाबाई जिना चढून वर आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "बाय, बरी हायस ना गो? आवाज नाय तुझा." मग सगळं कळल्यावर बसून चहा प्यायल्या. नारायणरावांच्या प्रकृतीची चौकशी बंद झाली. खोली वाचली, शर्वरी वाचली. इथे गोष्ट संपायला हवी होती. एखाद्या बिनडोक कारखान्यात ती संपलीही असती.

आमच्या टेक्सचर खात्यात झिपरू आहे. इथल्याच दुधनी गावचा. जुना माणूस, मशीनवर हात ठेवून काय बिघडलंय ते सांगतो आणि बहुतेक वेळा ते चूक निघतं. कॅन्टीनला जायची वाट टाइम ऑफिसच्या खिडकीखालून जाते. पगाराच्या आधीच्या दिवसांत तिथून जाताना सगळ्यांनाच आतली घरघर ऐकू यायची आणि त्यांना समाधान वाटायचं. पगार तयार होतोय. आत मशीन चालू आहे. त्या दिवशी झिपरू खिडकीखाली आला आणि थबकला. आवाज नाही. त्याने भिंतीला हात लावला. भिंत थंड. तो कॅन्टीनमध्ये जाऊन जेवणाच्या ताटासमोर नुसता बसून राहिला.

"काय झालं?" शेजारच्याने विचारलं.

"पगाराची मशीन बंद हाय."

"लाइट तर आहे."

"म्हंजे लाइटमुळं नाय. मुद्दाम बंद केली."

आता यात चूक काढा बघू! आवाज नाही म्हणजे मशीन बंद. लाइट असून बंद म्हणजे कुणीतरी बंद केली. पगाराची मशीन मुद्दाम कोण बंद करतं? ज्याला पगार द्यायचा नाही तो. पगार कोण देत नाही? ज्याला कंपनी बंद करायची आहे तो. डाळ वाढून होईपर्यंत आमची कंपनी बंद पडली होती. ताक येईपर्यंत मशीनं कुठल्या राज्यात हलणार, तेही ठरलं.

धुळ्या-नंदुरबारकडची पोरं आमच्याकडे पुष्कळ. त्यातला एक गावी फोनवर सांगत होता, "कंपनी बंद पडी गई, भो!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तासाभरात शेजारच्या कारखान्याचा माणूस गेटबाहेर उभा राहून आमचे चांगले कारागीर निवडू लागला. कॅन्टीनचा ठेकेदार पप्पूभाई याने मोठी पातेली टेम्पोत चढवायला घेतली. मी धावत गेलो.

"पप्पूभाई, हे काय?"

"साहेब, धंदा छे. तुमच्या जप्तीत माझी पातेली नको."

शेवटी कामगारांचं एक शिष्टमंडळ खरं काय ते विचारायला टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेलं. झिपरू पुढे होता. "बेन, पगार बनतोय का?"

आणि इथे मीनाक्षीबेननी घात केला. त्या हसल्या आणि शांतपणे, हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "हो दादा, बनतोय ना."

मीनाक्षीबेन हळू बोलल्या! ज्या बाईने आजवर 'अंगठा लाव' म्हटलं की गेटवरचा वॉचमन उभा राहायचा, ती बाई हळू बोलली! माणूस असं हळू कधी बोलतो? कुणी गेलं की. शिष्टमंडळातल्या एकाने टोपी काढली. दुसरा म्हणाला, "बेन, तुम्ही तरी दुसरीकडे बघून ठेवा." आणि सगळे खाली मान घालून परत गेले.

विजय साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा बायोडाटा होता, ताजा छापलेला.

"मिलिंद, कंपनी बंद होतेय हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सर, ती अफवा आहे."

"मला वरून कुणी काहीच कळवलेलं नाही. म्हणजे बातमी खरी असणार."

हा मुद्दा मला पटला. मी घाबरलो नाही, पण खबरदारी म्हणून नाशिकला मेव्हण्याला फोन करून ठेवला. मग आम्ही दोघांनी धीर धरून नोटीस काढली आणि गेटवर मोठ्या अक्षरांत लावली. 'सर्वांना कळविण्यात येते की कंपनी चालू आहे.' ती वाचून जे थोडे लोक मशीनवर टिकून होते तेही बाहेर आले. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. चालू कंपनी अशी पाटी कधी लावते का?

आता एकच उपाय होता. आवाज परत आणायचा. 'ध्वनी पुनर्स्थापना समिती' तिथल्या तिथे स्थापन झाली. अध्यक्ष मी. आशिषला विचारलं, जुना पंखा कुठे आहे? तो वापीच्या भंगारात वितळला असणार, असं कळलं. मग नव्या पंख्याला आवाज करायला लावा, असा आदेश दिला. आशिषने स्क्रू ढिले केले, पात्यात पुठ्ठा अडकवला, मूठभर भुगाही टाकला. पंखा दर्जेदार निघाला. तो शांतपणे भुगा बाहेर फेकत राहिला. इतकी निकृष्ट कामगिरी मी कुठल्याच चांगल्या वस्तूची पाहिली नव्हती. मग कॅन्टीनचा मिक्सर खिडकीमागे लावला. बाहेरून एकजण लगेच ओरडला, "हा मिक्सर आहे, चटणीचा!" आमच्या लोकांचे कान तयार आहेत. त्यांना नकली आवाज खपत नाही.

समिती हताश होऊन बसली. आणि तेव्हा मला आठवलं. माझ्या मोबाइलमध्ये तो आवाज होता! मीनाक्षीबेननी तक्रारीसोबत पाठवलेला. अस्सल, मूळ, प्रत्यक्ष जागेवर घेतलेला. मी तो पहिल्यांदा उघडला. केबिनमध्ये ती जुनी घरघर घुमली आणि विजय साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. घरघरीच्या वरताण मीनाक्षीबेनचा आवाज होता. "साहेब, ऐकताय ना? दिवसभर हे असं! डोकं फुटायची वेळ आलीय! काहीतरी करा हो, साहेब!"

"वा," विजय साहेब म्हणाले. "काय स्पष्ट आहे! हे आधी का नाही आणलंस?"

आशिष म्हणाला की बाईंचा आवाज काढून नुसती घरघर ठेवता येईल. त्याने तसं करून खिडकीबाहेर भोंगा लावला आणि वाजवला. कामगार जमले, ऐकू लागले. झिपरूने भिंतीला हात लावला, डोकं खाजवलं. "मशीन तर वाजते. पण बेन कुठंय?" गर्दी पुन्हा कुजबुजू लागली. मी खूण केली. आशिषने मूळचं रेकॉर्डिंग लावलं. 'डोकं फुटायची वेळ आलीय! काहीतरी करा हो, साहेब!'

झिपरूचा चेहरा उजळला. "बेन वरडते! चालू हाय, चालू हाय!"

लोकांचा जीव भांड्यात पडला. सगळे हसत हसत मशीनकडे पळाले. शेजारच्या कारखान्याचा माणूस हात हलवत निघून गेला. पप्पूभाईची पातेली टेम्पोतून उतरली आणि त्या दिवशी त्याने भातात चक्क वाटाणे घातले. विजय साहेबांनी बायोडाटा फाडला. म्हणजे, ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुरू होताना रेकॉर्डिंग लावायचं आणि पाळी संपताना बंद करायचं, असा स्थायी आदेश निघाला. एक भोंगा खिडकीबाहेर आणि एक मीनाक्षीबेनच्या डोक्यावर, कारण भिंत थरथरली नाही तर झिपरूला शंका येते.

मीनाक्षीबेन आल्या. "साहेब, हा माझा आवाज आहे."

"हो ना. कंपनीला तुमचा अभिमान आहे."

"पण मी त्यात बंद करा म्हणतेय, साहेब. ते तुम्ही दिवसभर चालू ठेवलंय."

"बेन, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. तुमच्या एका तक्रारीवर आज एवढ्या लोकांची चूल पेटतेय. इतकी दखल आजवर कुणाच्या तक्रारीची घेतली गेली आहे का?"

"आणि माझी खोली?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तोवर भोंगा चालू झाला आणि तिसऱ्यांदा त्यांना ओरडावंच लागलं. "माझी खोली, साहेब!"

खोली गेली. पुतळाबाईंनी शब्द पाळला. पण आम्ही वाऱ्यावर सोडणारे नाही. कंपनीने त्यांना कंप्रेसर हाउसच्या मागचं एक रिकामं क्वार्टर दिलं. तिथे रात्रंदिवस एवढा आवाज असतो की कुणी कितीही मोठ्याने बोललं तरी शेजाऱ्यांची तक्रार येऊ शकत नाही. नारायणराव सुरुवातीला बावचळले, आता तेही व्यवस्थित ओरडतात. लहान मुलीला मात्र तिथे झोप लागेना. शर्वरी अमळनेरला आजीकडे गेली. मीनाक्षीबेन जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करतात. मुलगी फोन ओट्यावर ठेवते आणि पडवीत बसून आईचं ऐकते. ऐकू येतं तिला नीट. प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली, असा शेरा मी मारला आहे.

रेकॉर्डिंगची कीर्ती औद्योगिक वसाहतीत पसरली आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनी प्रत मागून घेतली. त्यांच्याकडे तक्रार करणारं कुणी उरलेलं नव्हतं. मध्यंतरी कामगार खात्याचे एक तपासनीस आले. भोंग्यातून 'काहीतरी करा हो, साहेब' ऐकून थांबले, खूश झाले. म्हणाले, तुमच्याकडे तक्रारीची यंत्रणा छान चालू दिसते.

परवा दुपारी लाइट गेली. सगळंच थांबलं. टेक्सचर खातं थांबलं, कंप्रेसर थांबला, भोंगा थांबला. सगळे कामगार उठून उभे राहिले. मी केबिनमध्ये डोळे मिटून विचार करत होतो, मीही दचकलो. आणि मग टाइम ऑफिसच्या खिडकीतून आवाज आला. घरघर नव्हती, नुसता बाईचा आवाज.

"साहेब, ऐकताय ना? डोकं फुटायची वेळ आलीय. काहीतरी करा हो, साहेब."

भोंग्याला वीज नव्हती. तरीही झिपरू खाली बसला, म्हणाला, "चालू हाय." त्याच्यामागोमाग सगळे बसले. मीही मान परत खुर्चीला टेकवली.

आणि तुम्ही? मला नावं ठेवू नका. ही बाई केव्हापासून ओरडतेय, आणि तुम्ही खुशाल शेवटपर्यंत वाचत आलात, मधे दोन-तीनदा हसलातही. कुणीतरी कुठेतरी ओरडतंय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असंच वाटलं ना? वाटणारच. तुम्ही आमचेच आहात. भाच्याचा अर्ज पाठवून द्या.